सोनीबाईच्या लोट्यातलं पाणी

चौतीस घरांचे चौतीस लोटे समाजमंदिरासमोर ओळीने मांडले होते आणि सगळा मुरुमटोला त्यांच्याभोवती गोळा झाला होता. मागच्यांना दिसत नव्हतं म्हणून पोट्टे बैलबंडीवर चढले होते. पाटावर बसलेल्या महाराजांच्या पुढ्यात चिनी मातीची पांढरी वाटी, भस्माची डबी आणि लिंबांची टोपली होती.

"हे भस्म बाजारात भेटत नाई," महाराज सांगत होते. "माझ्या गुरूनं बारा वर्षं सात समुद्रांचं पाणी आटवलं, तवा हे एवढं उरलं."

सात समुद्र आटवले तर मीठ उरतं. हे सहावीच्या पुस्तकात आहे. पण तिथे सहावी शिकलेले पन्नास जण होते आणि सगळ्यांनी हात जोडले होते.

"पयला लोटा कोनाचा?"

"आमचा जी," आशाबाई पुढे आली.

महाराजांनी वाटीत पाणी ओतलं, चिमूटभर भस्म टाकलं आणि बोट फिरवलं. पाणी आधी जांभळट झालं, मग शाईसारखं काळं. गर्दीतून "आई गं!" उमटलं.

"करणी हाय तुमच्या घरावर. तपासाले आपल्याकडं औषध हाय, तसं उताराबी हाय." त्यांनी ओठांतल्या ओठांत काही पुटपुटून लिंबू पिळलं. काळा रंग विरत गेला आणि वाटीचा तळ दिसू लागला. आशाबाईने वाकून नमस्कार केला.

असं तेहतीस लोट्यांचं पाणी काळं पडलं आणि तेहतीस लिंबं पिळली गेली. चौतिसावा लोटा सोनीबाईचा होता. साठीची विधवा, गावाच्या टोकाला नातीबरोबर राहणारी. तिच्या पाण्यात भस्म पडलं आणि काहीच झालं नाही. थोडं पिवळट झालं, इतकंच.

महाराजांनी वाटी सगळ्यांना दिसेल अशी तिरपी धरली. मग हळूच म्हणाले, "चोराच्या घरी चोरी होत नाई, भाऊ."

गुणवंतराव उठले. गावात त्यांचा शब्द चालतो. त्यांचा नऊ वर्षांचा नातू आदेश महिनाभर अंथरुणाला खिळला होता. ताप, हातापायांत कळा, डोळे पिवळे. महाराज त्याच्यासाठीच आले होते. त्यांच्या आवाजात राग कमी आणि भीती जास्त होती.

"बाई, गुरुवारच्या बाजाराआधी गाव सोडा."

"मी काऊन सोडू?" सोनीबाई म्हणाली. "पानी तुमचं काळं झालं. मायं तं साफ हाय. तरी डाकीण मीच?"

"पाहा, पाहा, तोंड कसं चालून राह्यलं!" देवाजी नावाचा एक जण ओरडला.

त्या घोळक्यात मीही उभी होते. मी रसायनशास्त्राची पदवीधर. धानोऱ्याहून स्कूटीने येऊन इथल्या सहावी ते आठवीच्या मुलांकडून परीक्षेआधी विज्ञानाची उजळणी करून घ्यायची, हे माझं दोन महिन्यांचं काम. दुसऱ्याच वाटीला मला सगळं कळलं होतं. डबी उघडली की तुरट वास येत होता, हिरड्याचा. या भागात प्रत्येक घरी हिरडा वाळत असतो. मी तोंड उघडायला हवं होतं. उघडलं नाही. माझा वर्ग गुणवंतरावांच्या ओसरीत भरायचा. मी बाहेरची. दोन महिन्यांसाठी कोणाशी वाकडं कशाला घ्या, असं मी स्वतःला समजावलं. स्कूटी सुरू केली तेव्हा चार-पाच जण सोनीबाईच्या छपरावर चढून कवेलू, म्हणजे कौलं, खाली भिरकावत होते. फुटण्याचा आवाज नाल्यापर्यंत ऐकू येत होता. मी वेग वाढवला.

दुसऱ्या दिवशी, बुधवारी, मी फळ्यावर तीन रकाने आखले. जीव, पृथ्वी, पदार्थ.

"रक्त लाल का?"

"हिमोग्लोबिन! त्यात लोह असते!"

"आपल्या गावचा मुरूम लाल का?"

"लोहाचं ऑक्साइड!"

"लोखंड गंजतं कशामुळे?"

"हवा आनि पानी!"

सगळी उत्तरं बरोबर होती आणि मी प्रत्येकापुढे बरोबरची खूण करत होते. पुढच्या रांगेत रीनाची जागा रिकामी होती. रीना सोनीबाईची नात.

आठवीतल्या निशाने हात वर केला. "मॅडम, तिनी खान्यात लोहच आलं."

"हो, बरोबर."

"मंग लाल मुरमाच्या खालचं पानी बोरिंगातून येते, त्यात बी लोह असन ना? बोरिंगच्या ओट्यावर तांबडे डाग पडते, ते गंजच ना?"

"हो."

"सोनीबाई बोरिंगचं पानी भरतच नाई. म्हनते, लोखंडावानी लागते, डाळ काळी पडते. ते नाल्यात झिरा खोदून त्याचं पानी आनते." ती थांबली. "मॅडम, तुमाले मालूम होतं का हे?"

"हो."

"काल?"

"कालच."

"मंग?"

एवढंच विचारलं तिने. खडू माझ्या हातात होता. तो खाली ठेवला आणि म्हटलं, "कोणाच्या घरी हिरडा आहे?"

बावीस हात वर झाले.

आम्ही हिरडा कुटला. बोरिंगच्या पाण्यात टाकला, पाणी काळं झालं. झिऱ्याच्या पाण्यात टाकला, तसंच राहिलं. काळ्या पाण्यात लिंबू पिळलं, रंग उडाला. पण हिरड्याची पूड दाखवून गाव ऐकणार नाही, हे निशाला माझ्याआधी कळलं. "आमच्या पुडीनं काऊन?" ती म्हणाली. "त्याहीच्याच भस्मानं करू."

दुपारी महाराज निघायच्या तयारीत होते. समाजमंदिरासमोर गर्दी होतीच. निशा दोन लोटे घेऊन गेली. एकावर खडूने गुणवंतरावांचं नाव होतं, दुसऱ्यावर सोनीबाईचं.

"महाराज, जायच्या आधी एकदा पक्कं करून द्या जी. उद्या त्या बाईले गावाबाहेर काढाचं हाय. चुकीनं नोको व्हाले."

"पोरी, महाराजांवर शंका घेतं का?" देवाजी गुरकावला.

"शंका नाई, काका. उजळणी," निशा म्हणाली. आशाबाई फिसकन हसली.

गर्दीसमोर नाही म्हणणं महाराजांना जमेना. त्यांनी डबी उघडली. सोनीबाईच्या लोट्यातलं पाणी वाटीत ओतलं आणि ते काळंकुट्ट झालं. गुणवंतरावांचं ओतलं. ते पिवळट झालं आणि तसंच राहिलं.

मग गुणवंतराव सावकाश म्हणाले, "मंग महाराज, आता करणी करनारा मी का?"

"नाई, नाई! पोट्ट्यांनी भस्म बाटवलं..."

"भस्म तुमच्या डबीत, डबी तुमच्या हातात," आशाबाई म्हणाली. "पोट्ट्यांनी त्यात फुंकर घातली का जी?"

"आमी लोटे बदलले," निशाने सांगितलं. "सोनीबाईच्या लोट्यात बोरिंगचं पानी हाय. तुमच्यात झिऱ्याचं."

तेव्हा मी बोलले. आपला मुरूम लाल आहे कारण त्यात लोह आहे. जमिनीखाली हवा नाही, तिथे लोह पाण्यात विरघळतं, दिसत नाही. हिरड्यात एक तुरट द्रव्य असतं, टॅनिन. ते लोहाला भेटलं की काळं होतं. जुन्या काळी याच्यापासूनच लिहायची शाई करत. लिंबाचं आम्ल लोहाला टॅनिनपासून सोडवतं, म्हणून रंग उडतो. झिऱ्याच्या पाण्याला हवा लागते, लोहाचा गंज होऊन वाळूत बसतो, म्हणून ते काळं पडत नाही. बोरिंगचं पाणी काल मंतरलेलं नव्हतं आणि आजही नाही.

"आदेशला आजच दवाखान्यात न्या," मी गुणवंतरावांना म्हटलं. "रक्त तपासून घ्या. रक्तातला सिकलसेल आजार असेल तर औषध आहे. लिंबू पिळून तो बरा होणार नाही."

गुणवंतरावांनी मान हलवली. मग माझ्याकडे पाहिलं. "मॅडम, काल तुमी इथीच होत्या ना? मिठाची गुळणी धरली होती का?"

खोटं बोलता आलं असतं. मी सांगून टाकलं. कॉलेजात असताना मी याच बोरिंगचं पाणी तपासलं होतं. लोह किती, ते मोजलं, आलेख काढला, प्रकल्प सादर केला आणि चांगले गुण घेतले. वही कॉलेजच्या कपाटात राहिली. ज्यांच्या पाण्याचा तो आकडा होता, त्यांना तो सांगावा असं तीन वर्षांत मला एकदाही वाटलं नाही. सांगितला असता, तर काल पहिल्याच वाटीला आशाबाईच हसली असती.

महाराजांना गुणवंतरावांनी धानोऱ्याहून पोलीस येईपर्यंत जागचं हलू दिलं नाही. कोणाला डाकीण ठरवणं हा आपल्या राज्यात गुन्हा आहे, तेही त्या दिवशी गावाला नीट कळलं.

संध्याकाळच्या आत आम्ही सोनीबाईकडे गेलो. तिने गाठोडं बांधून ठेवलं होतं. रीना त्याच्यावर बसली होती. अर्धं छप्पर उघडं होतं आणि चुलीजवळ कवेलूंचे तुकडे पडले होते. देवाजी शिडी लावून वर चढला. गुणवंतरावांनी हात जोडले.

"चुकलं बाई."

"कवेलू बसवाल जी," ती म्हणाली. "रीना रातभर झोपली नाई, त्याचं का कराल?"

मग ती माझ्याकडे वळली. ओरडली असती तर बरं झालं असतं.

"काल तू गर्दीत होती. मी तुले पाह्यलं. एवढ्या मानसात कालेज शिकलेली तू एकटीच. मी सारा वखत तुयाकडंच पाहून राह्यली होती. मले वाटलं, हे पोरगी बोलन."

मी खाली बसून तुकडे गोळा करू लागले. तिने मला थांबवलं नाही आणि मदतही केली नाही.

वाचणाऱ्यांनो, हा प्रयोग घरी करून पाहा. थोडी हिरड्याची पूड, लोह असलेलं बोरिंगचं पाणी आणि एक लिंबू पुरेल. दहा आकडे मोजायच्या आत महाराजांची बारा वर्षांची तपश्चर्या तुमच्या वाटीत उतरेल. जे काही चमत्कार म्हणून समोर येईल, त्याची अदलाबदल करून, दुसऱ्या पाण्यावर, दुसऱ्या हाताने पुन्हा तपासा. खरं असेल ते टिकेल. आणि तुम्ही विज्ञान शिकलेले असाल, तर हे करायला दुसऱ्या दिवसाची वाट पाहू नका. गर्दीत कोणीतरी तुमच्याकडेच पाहत असतं.