सातवी जोडी

पुनाराम रामटेके त्या सकाळी मैदानावर गेले ते खुर्च्या लावायला.

बालाघाटजवळच्या खाणीच्या कॉलनीत साहेब लोकांनी फार पूर्वी गोल्फचं मैदान करून घेतलं होतं. नऊच होल. हिरवळ काय ती पावसाळ्यातली. होलाभोवती गवताऐवजी तेल पाजलेल्या वाळूचं गोल अंगण असे, त्याला सगळे ‘ब्राऊन’ म्हणत. पुढे साहेब कमी झाले, तसं क्लबाने निवृत्त कामगारांनाही आत घेतलं. सर्व्हे खात्यात चाळीस वर्षं साहेबांसाठी मोजणीची पट्टी धरून उभे राहिलेले पुनाराम साठाव्या वर्षी सभासद झाले. आता सहासष्टचे होते. उजवा खांदा आखडलेला, त्यामुळे चेंडू लांब जात नसे. दरवर्षी त्यांचं नाव राखीव खेळाडूंत असे आणि दरवर्षी ते चहाच्या टेबलाजवळ उभं राहून सामना पाहत.

सामना नागपूरच्या एका क्लबाच्या ज्येष्ठ मंडळींशी होता. दोस्तीचा. पण सलग पाच वर्षं हरल्यावर दोस्तीसुद्धा टोचायला लागते. सात जोड्या, प्रत्येकीत दोन्ही क्लबांचा एकेक खेळाडू समोरासमोर. ज्याचा चेंडू कमी फटक्यांत आत, त्याचा तो होल. ज्याचे होल जास्त, त्याची जोडी. आणि ज्या क्लबाच्या जोड्या जास्त जिंकल्या, त्याचा सामना.

साडेसातला सातव्या जोडीत खेळणारे प्रेमलाल बिसेन मोटारसायकलवरून उतरले आणि तसेच वाकलेले राहिले. कंबर धरली होती. त्यांना खुर्चीत बसवून कप्तान गजेंद्र कटरे पुनारामांकडे वळले.

“रामटेकेजी, सातव्या जोडीत तुमी.”

“मी?” पुनारामांच्या हातात अजून खुर्ची होती. “कटरेजी, माह्या हातानं नाक कापून घेता काय क्लबाचं?”

त्यांची बायको अनुसया पोह्यांची परात झाकत होती. ती तिथूनच म्हणाली, “जा ना जी. काहून डरून राह्यले? सहा साल झाले, रोज सकाळी उठून कोनासाठी खेळता मंग?”

आणि पदर खोचून तिने त्यांची पिशवी खांद्याला लावली. पिशवीत चारच काठ्या होत्या.

समोर होते काटोलकर, निवृत्त इंजिनीयर, उंच, हसरे. हात मिळवताना म्हणाले, “आज मजा करू, रामटेके.” आणि पहिलाच चेंडू असा मारला की तो कुठे पडला हे बघायला पुनारामांना डोळ्यांवर हात धरावा लागला.

आता आपणही तसाच मारायचा, असं पुनारामांच्या मनाने घेतलं. सगळा जीव खांद्यात आणून त्यांनी काठी फिरवली. चेंडू बाभळीत गेला. दुसऱ्या होलवर तो जमिनीवरूनच घरंगळला. तिसऱ्यावर काठी मातीत रुतली आणि खांद्यातून कळ गेली. तीन होल, तिन्ही काटोलकरांचे. काटोलकर समजुतीने म्हणाले, “होतं असं,” आणि ते ऐकून पुनारामांना जास्तच लाज वाटली.

चौथ्याकडे जाताना अनुसया थांबली.

“एक सांगू? चाळीस साल साहेब लोकाइच्या मागं पट्टी घेऊन धावले ना तुमी? आज बी तेच करून राह्यले. त्याइले जाऊ द्या पुढं. तुमी आपल्या चालीनं चला.”

“आपल्या चालीनं कुठं पोचनार आमी, आम्रपालीची माय?”

“रोज पोचता तिथंच.”

पुनारामांनी पिशवीतून छोटी काठी काढली. चेंडू शंभर पावलं गेला, पण सरळ. पुन्हा शंभर, पुन्हा सरळ. काटोलकरांचा चेंडू लांब उडाला आणि मोहाच्या झाडांत शिरला. बाहेर यायला त्यांना दोन फटके लागले. होल पुनारामांचा. पाचवा बरोबरीत सुटला. सहाव्यावर मध्ये जुन्या खदानीचं पाणी होतं. पुनाराम दोन छोट्या फटक्यांत वळसा घालून गेले. काटोलकरांनी पाण्यावरून मारला. डुबुक असा आवाज झाला. काटोलकर स्वतःच हसले, पण तो होलही पुनारामांचा झाला.

सातवा होल चढावर आहे. खालून तो जवळ दिसतो. पुनारामांनी एकदा चढ बघितला, एकदा झेंडा बघितला आणि छोटी काठी ठेवून मोठी घेतली.

“काहून?” अनुसयाने विचारलं.

“फसवते हे जागा. दिसते त्याहून वीस पावलं लांब आहे.”

त्यांचा चेंडू झेंड्याजवळ थांबला. काटोलकरांचा वीस पावलं अलीकडे पडला. आता दोघांचे होल सारखे झाले. आठवाही बरोबरीत गेला.

नवव्यावर पोचले तर ब्राऊनभोवती दोन्ही क्लबांची मंडळी उभी. बाकी सहा जोड्या संपल्या होत्या. प्रेमलालसुद्धा कंबर धरून आले होते. गजेंद्र धावतच आले. “तीन-तीन झालं, रामटेकेजी! आता सगळं तुमच्यावर.”

“त्याइले काहून सांगतलं जी?” अनुसया भडकली. “चांगले खेळून राह्यलते ना!”

काटोलकर दोन फटक्यांत ब्राऊनवर आले, पुनाराम तीनांत. पण वाळू गवतासारखी नसते. काटोलकरांचा तिसरा टोला होलाच्या पुढे निघून गेला, चौथा अलीकडे अडला, पाचव्याला चेंडू आत पडला. आता पुनारामांनी चौथ्या टोल्यात घातला तर सामना त्यांचा. चेंडू होलापासून पंधरा पावलं दूर होता.

त्यांनी तिथल्या रिवाजाप्रमाणे फळीने चेंडूच्या वाटेवरची वाळू सारखी केली. तळहात पँटला पुसले. मग काठी हलकेच मागे नेली आणि टोला दिला.

चेंडू निघाला. अर्ध्यात मंद झाला. गजेंद्र “चल, चल, चल” पुटपुटत होते. काठावर तो थांबल्यासारखा झाला, आणि मग आत पडल्याचा टक् आवाज आला.

पुढचं पुनारामांना नीट आठवत नाही. प्रेमलालांनी कंबर विसरून त्यांना उचलायचा प्रयत्न केला आणि दोघेही वाळूत बसले. काटोलकरांनी टोपी काढली, वाकून त्यांना हात दिला आणि म्हणाले, “तीन होल पुढे होतो हो मी! असं मला आजवर कोणी हरवलं नव्हतं.”

“मले बी कोनाले हरवाची सवय नाही, साहेब,” पुनाराम म्हणाले. त्यांचे डोळे भरून आले होते आणि तरी ते हसत होते.

जिंकणाऱ्या क्लबाला मिळणारी ढाल सहा वर्षांत पहिल्यांदाच बालाघाटात राहिली. जेवणाच्या वेळी गजेंद्रांनी ती पुनारामांच्या हातात दिली. नागपूरवाल्यांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या. काटोलकरांनी ताट घेऊन त्यांच्या शेजारची खुर्ची धरली आणि चढावरचं अंतर कसं ओळखलं ते दोनदा विचारून घेतलं.

दुपारी दोघं स्कूटरवर घरी निघाली. गावातलं रेल्वे फाटक बंद होतं. शेजारच्या ऑटोवाल्याने अनुसयाच्या मांडीवरच्या काठ्यांच्या पिशवीकडे पाहून विचारलं, “काकी, मछली पकडने गए थे क्या?”

“मछली?” अनुसया सावरून बसली. “अरे, नागपूरवालों को हरा के आ रहे हमारे ये! सुन. पहले तीन होल गए...”

“राहू दे व,” पुनाराम म्हणाले, पण त्यांनी स्कूटर बंद केली.

मालगाडी लांबलचक होती. ती गेली, फाटक उघडलं, मागे हॉर्न वाजू लागले. अनुसया अजून सहाव्या होलच्या पाण्यापाशीच होती. ऑटोवाल्याने गाडी सुरू केली नाही.

“फिर?” त्याने विचारलं.