तातेराव तेरवीला गेले

तातेरावांना घरातून हाकललं ते दोन कारणांनी. एक म्हणजे त्यांच्या तोंडाला कडी नव्हती, आणि दुसरं म्हणजे पुनमला घेऊन कुठंतरी जायला माणूस लागत होता. त्यांच्या पुतणीला, पुजाला, बघायला वसमतचे पाव्हणे येणार होते. पुनम ही पुजाची धाकटी बहीण, नऊ वर्षांची, घरातलं शेंडेफळ.

"भावजी, तिला घेऊन फाट्यावर जा," पुजाची आई संगिता म्हणाली. "पाव्हणे गेले की फोन करते."

"काहून? पोरगी चोरीची हाय का?"

तातेरावांचा धाकटा भाऊ, पुजाचा बाप देविदास मधे पडला. "दादा, मागच्या स्थळानं काय केलं इसरलात का? पुनमला बघितलं अन् पोहे तसेच ठेवून उठले. एकाच पोटच्या पोरी, म्हणे, हिची लेकरंबी तशीच निघाली तर? जेवणाचं तर सोडाच."

जेवणाचीच तर सगळी गोम होती. त्यांच्याकडं पाव्हणे पोहे खातात, चहा पितात, 'कळवतो' म्हणून जातात. पण मुलीच्या घरी भाकरीला बसले म्हणजे पसंती, मग वेगळं विचारायचं कामच नाही. पुजाला चोविसावं लागलं होतं अन् आजवर एकही पाव्हणा भाकरीपर्यंत पोचला नव्हता.

तातेरावांना बोलण्यासारखं पुष्कळ होतं. दोन वर्षं दर मंगळवारी पुनमला एसटीनं हिंगोलीच्या सरकारी दवाखान्यात तेच नेत होते. त्याआधी दोन ताईत झाले, तीन देवऋषी झाले. एका बाबानं पोरीच्या जिभेला मध लावायला सांगितलं अन् उरलेली बाटली स्वतःच घेऊन गेला, मेला! मग दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी नीट बसवून समजावलं. याला स्वमग्नता म्हणतात, ऑटिझम. बाहेरची बाधा नाही, आईची चूक नाही. तिचा मेंदू जगाला वेगळ्या रीतीनं घेतो. तुमाला जो आवाज कळतही नाही, त्याची तिला तकलीफ होते. डोळ्यात बघ म्हणून मागं लागू नका, अचानक हात लावू नका, अन् ती वस्तूंची ओळ लावते ती मोडू नका, त्यानं तिचा जीव शांत होतो. तातेरावांनी हे घरी येऊन शब्दाला शब्द सांगितलं. पण ते चाळीस वर्षं गावभर थापा मारत आलेले. त्यांचं खरं कोण ऐकतो?

पुजानं पुनमच्या हातात बाटल्यांच्या झाकणांची पिशवी दिली. "तात्या, ऑटोवाल्याला गाणं बंद ठेवायला लावा," एवढंच म्हणाली. तिचे डोळे भरले होते. तातेरावांना ते बघवेना, ते निघाले.

वारंगा फाट्यावर त्यांनी रसवंतीवाल्याला आधी चरकाची घुंगरं काढायला लावली. "तीन गिलास पितो, पण आवाज नको." पुनम बाकड्यावर झाकणं मांडत बसली. मधेच रस्त्यावरच्या ट्रककडं बघून चाकं मोजायची अन् "चौदा" म्हणायची. दिवसभरात ती एवढंच बोलली तरी तातेरावांना पुरायचं.

तेवढ्यात एक साठीची बाई आली, सोबत विशीतला पोरगा. गोल चेहरा, वर चढलेले बारीक डोळे, अन् हसू तर असं की रसवंतीवाल्यालाही हसावं लागलं. पोरानं त्याच्याशी हात मिळवला, गिऱ्हाइकांशी मिळवला, एका ट्रक ड्रायव्हरला खाली उतरवून मिळवला. दवाखान्यात अशी लेकरं तातेरावांनी पाहिली होती. त्यांनी लगेच ओळखलं, पण विचारायचं कसं?

"कुठं निघालात, बाई?"

"कळमनुरीला. लग्नाला."

"आज तर तिथीच न्हाई."

"बारशाला म्हणते मी," बाई जराही न डगमगता म्हणाली. "अन् तुमी?"

"दिल्लीला. आमच्या पोरीची झाकणं लावायची स्पर्धा हाय. सराव चालू हाय तिचा."

"अगंबाई! आमचा रुद्र पुढारी होणार हाय. आत्तापासनं हात मिळवून ठिवतो."

तातेरावांना बाई फार आवडली. इतकी सरळ तोंडानं थाप मारणारं माणूस त्यांना कित्येक वर्षांत भेटलं नव्हतं.

मग रुद्रनं पुनमपुढं हात केला. तातेराव धडपडत उठले. हात लागला की पुनम अशी किंचाळायची की फाट्यावरची वाहनं थांबावीत. पण ती अंग चोरून सरकली तशी बाईच म्हणाली, "रुद्र, लांबून!" पोरानं हात मागं घेतला. थोडं थांबला, खाली पडलेलं झाकण उचललं अन् ओळीच्या शेवटी हळूच ठेवलं. पुनमनं त्याच्याकडं बघितलं नाही. झाकण उलटं केलं, सरळ केलं, अन् म्हणाली, "बराबर."

तातेरावांनी धोतरानं डोळे पुसले. उसाचा रस डोळ्यात गेला म्हणाले.

तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. कान जड, म्हणून फोन कायम स्पीकरवर. संगिताचा आवाज सगळ्या रसवंतीनं ऐकला. "भावजी, वसमतचे पाव्हणे आले. दिवस मावळेस्तोवर पुनमला घेऊन तिकडंच थांबा. तुमी तेरवीला गेलात म्हणून सांगितलंय."

बाईचा गिलास हातातच राहिला. "वसमतचे? नवरदेव वीज मंडळात? सोबत काळा गॉगल लावलेला बाप?"

"तुमाला कसं ठाऊक?"

"गॉगलवाला माझा भाऊ हाय. मी पंचफुला, नवरदेवाची आत्या. हा रुद्र, नवरदेवाचा धाकटा भाऊ. हा दिसू नये म्हणून आमालाबी फाट्यावरच उतरवून गेले." बाईनं कपाळावर हात मारला. "तुमच्या घरी सांगितलं असंल, आत्याचे गुडघे बदलायला टाकलेत म्हणून!"

दोघं इतके हसले की रसवंतीवाल्यानं काम थांबवलं. हसता हसता पंचफुला मधेच रडायला लागली. "आमच्या बेबीबाईला, रुद्रच्या आईला, सगळे म्हणतेत तुझ्या पोटाचा दोष. डॉक्टर म्हणतो, न्हाई हो. पेशीत एक गुणसूत्र जास्तीचं आलं, कोणाचाच दोष न्हाई. पण ऐकतो कोण?"

"माझंबी कोणी ऐकत न्हाई," तातेराव उठले. "चला विहीणबाई. मी तेरवीहून, तुमी दवाखान्यातून."

ऑटो अंगणापाशी थांबला तेव्हा चहा संपला होता. "कळवतो आमी," म्हणत गॉगलवाले उठतच होते. पंचफुला ताडताड चालत आत शिरली. "लई भारी गुडघे बसवले बाई डॉक्टरनं!"

"अन् आमची तेरवी रद्द झाली," तातेराव म्हणाले. "मयत उठून बसलं."

कोणी हसलं नाही. बेबीबाई पुनमकडं बघत राहिली, संगिता रुद्रकडं. दोघींनाही कुठं तोंड लपवावं ते कळेना. फक्त रुद्र प्रत्येकाशी हात मिळवत फिरत होता.

पुजा आतून बाहेर आली. "ही माझी बहीण हाय," ती नवरदेवाला सरळ म्हणाली. "तिला घालवून दिलं तवा मी गप बसले, त्याची लाज वाटून राहिली मला. आता हिला बघा अन् मग काय ते सांगा."

"हा माझा भाऊ," नवरदेव मान खाली घालून म्हणाला. "मीबी गपच बसलो होतो."

बेबीबाई पदर सावरत उठली अन् चपला घालायला बाहेर आली. दारात तिचा पाय थबकला.

पुनमनं पायरीखालच्या सगळ्या चपला ओळीनं मांडल्या होत्या. लहानापासून मोठ्यापर्यंत, इकडच्या तिकडच्या एकात एक. पुजाच्या शेजारी नवरदेवाचे बूट, पंचफुलाच्या शेजारी तातेरावांचं तुटकं पायताण. बेबीबाई आपल्या चपलेला वाकली तसा रुद्रनं हात आडवा केला.

"लांबून!"

आता मात्र देविदासला हसू आलं, मग गॉगलवाल्यांना, मग सगळ्यांनाच. बेबीबाई हसली नाही. ती पायरीवर खाली बसली, पुनमपासून बेताच्या अंतरावर, अन् नुसती बघत राहिली.

पुनम ओळीच्या एका टोकाला उभी होती. काहीतरी कमी होतं. तिनं स्वतःच्या पायाकडं बघितलं, आपल्या लहानशा निळ्या चपला काढल्या अन् सगळ्यांच्या पुढं, पहिल्या नंबराला ठेवल्या.

"बराबर," ती म्हणाली.

"व्हय गं बाई, बराबर," बेबीबाई म्हणाली. मग मागं न बघताच तिनं हाक मारली, "संगिताबाई, भाकरी टाका."