परवडणारी भेग

माझा साडू वजनमापं तपासणारा निरीक्षक. तीस वर्षं त्यानं दुकानोदुकानी तराजू उलटे करून पाहिले, पारड्याखाली चिकटवलेली लोहचुंबकं काढली आणि खऱ्या निघालेल्या काट्यांना शिशाची सीलं ठोकली. सासुरवाडीत त्याला पाठीमागे 'मिलिमीटर' म्हणतात. तोंडावर कुणी म्हणत नाही, कारण त्याला ते आवडेल अशी सगळ्यांना भीती आहे.

त्याची बायको म्हणजे माझ्या बायकोची धाकटी बहीण. सगळे तिला धाकटीच म्हणतात. पन्नाशी उलटली तरी बढती मिळालेली नाही.

एका तीनमजली इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर दोघं एकवीस वर्षं भाड्यानं राहत होती. दर वर्षी भाडेकरार नवा करायच्या दिवशी मिलिमीटर एक कागद घेऊन बसायचा. डावीकडे घर विकत घेण्याचा खर्च: कर्जाचा हप्ता, घरपट्टी, दुरुस्ती आणि घरात अडकलेल्या पैशांचं बुडालेलं व्याज. उजवीकडे नुसतं भाडं. एकवीस वेळा उजवी बाजू जिंकली.

"भाडं म्हणजे दुसऱ्याच्या खिशात घातलेले पैसे," धाकटी म्हणायची.

"आणि व्याज काय आपल्या खिशात येतं? बँकेच्या खिशापेक्षा डॉक्टरांचा खिसा बरा. निदान ओळखीचा तरी आहे."

डॉक्टर म्हणजे घरमालक. निवृत्त दंतवैद्य. बोलणं मऊ, आणि बोलताना नजर समोरच्याच्या दातांवर. भाडं ते फारसं वाढवत नसत. एके दिवशी मात्र ते आले, पाणी प्यायले आणि म्हणाले, "मुलीकडे जाऊन राहायचं ठरवलंय. घर विकतोय. पहिला हक्क तुमचा. दोन महिन्यांत घ्या, नाहीतर मोकळं करून द्या. घाई काही नाही."

मिलिमीटरच्या निवृत्तीला दोन वर्षं उरली होती. त्या भागात आता तेवढ्याच जागेला तिप्पट भाडं पडत होतं. त्यानं कागद काढला, आणि एकवीस वर्षांत पहिल्यांदा डावी बाजू जिंकली. सात वर्षं राहिलं तर विकत घेणंच स्वस्त. फंडातले साठलेले सगळे पैसे घालायचे, उरलेल्याचं छोटं कर्ज. धाकटीनं त्या दिवशी कपाटं आतून पुसली.

पण सांगितलेल्या किमतीला वस्तू घेणं मिलिमीटरच्या रक्तात नव्हतं.

घरात पाच भेगा होत्या. जुन्या, केसाएवढ्या. भाडेकरूच्या घरातल्या भेगा म्हणजे दुसऱ्याच्या मुलांचे मार्क. आजवर त्यांच्याकडे कुणी पाहिलं नव्हतं. आता पाहिलं. जुन्या गोदामांत गवंडी भेगेवर आडवी काचेची पातळ पट्टी ठेवतात, दोन्ही टोकं प्लास्टरनं पक्की करतात आणि बाजूला तारीख लिहितात. भिंत हलत असेल तर काच तडकते, नसेल तर शाबूत राहते. कामावर फिरताना हे त्यानं कुठंतरी पाहिलं होतं. त्यानं पाच पट्ट्या बसवल्या. तारखा सुवाच्य अक्षरात.

आठ दिवसांनी पाचही पट्ट्या शाबूत. भिंत धडधाकट निघाली म्हणून इतका हिरमुसलेला माणूस मी पाहिलेला नाही.

नवव्या दिवशी त्यानं स्वयंपाकघरातल्या पट्टीवर उलथन्याच्या दांड्यानं हलकेच टिचकी मारली.

"अहो, हे काय?" धाकटी मागे उभी होती.

"पुरावा."

"पुरावा सापडतो ना? तुम्ही तो तयार करताय."

"तू चहा टाक."

तीस वर्षं लोकांच्या पारड्याखाली हात घातलेला माणूस. हात कुठं घालतात हे त्याला ठाऊक असणारच.

डॉक्टर आले. तडकलेल्या काचेसमोर बराच वेळ उभे राहिले. खिशातून चष्मा काढून लावला, काढला, पुन्हा लावला. मिलिमीटर घासाघिशीसाठी तीन आकडे पाठ करून बसला होता. पहिल्याच आकड्याला डॉक्टर हो म्हणाले. किंमत एक पंचमांशानं उतरली.

संध्याकाळी त्यानं मला फोन केला. "साडूभाऊ, सात वर्षांचं सहा वर्षं चार महिन्यांवर आलं!"

"लगेच हो म्हणाले?"

"पुरावाच तसा होता."

"अरे, दातांचा डॉक्टर 'झालंच' म्हणतो तेव्हा खरं दुखायला सुरुवात होते."

"तुम्हाला प्रत्येक गोष्टीत खोट दिसते," तो म्हणाला. हे एका निरीक्षकाकडून ऐकताना मला जरा बरं वाटलं.

कराराच्या कागदात डॉक्टरांनी एक कलम घातलं होतं. इमारत हलत असल्याचं खरेदीदारानं स्वतः तपासून सिद्ध केलं आहे, त्यापोटी किंमत कमी करून घेतली आहे, आणि पुढे याबाबत त्याची काहीही तक्रार असणार नाही. मिलिमीटरनं ते तीनदा वाचलं. "तपासणीची लेखी दखल घेतलीय," असं म्हणून सही ठोकली आणि इसार दिला. इसार म्हणजे सौदा पक्का केल्याची आगाऊ रक्कम. मोडलात तर बुडाली. रक्कम नऊ वर्षांच्या भाड्याएवढी होती. फंडातले निम्मे पैसे.

दहा दिवसांनी शेजारच्या मोकळ्या जागेभोवती पत्रे लागले. आत यंत्रं शिरली आणि जमीन खोल उकरू लागली. तिथं मोठी इमारत होणार होती, तळाखाली तीन मजले गाड्यांसाठी. आजूबाजूच्या सगळ्या घरमालकांना त्याची पत्रं तीन महिन्यांपूर्वीच गेली होती. भाडेकरूंना असली पत्रं द्यायची पद्धत नाही.

दुसऱ्या आठवड्यात झोपायच्या खोलीतली पट्टी तडकली.

"तू फोडलीस?" त्यानं विचारलं.

"फोडायचं खातं तुमच्याकडे आहे."

"मग कोणी?"

"तुम्हीच असणार. अजून किंमत पाडायचीय ना!"

दोन दिवसांनी बोळातली गेली, नंतर न्हाणीघराजवळची. आता दोघं एकमेकांवर पाळत ठेवू लागली. धाकटीनं उलथनं कुलपात ठेवलं. तो तिच्याआधी घरी पोचायला पाहायचा, ती त्याच्याआधी उठायला पाहायची. मी एकदा सहज गेलो तर दोघं दोन खोल्यांच्या दारांत खुर्च्या टाकून बसलेली, मध्ये मी पाहुणा. कपातला चहा बारीक थरथरत होता. कुणी त्याबद्दल बोललं नाही. मीही नाही, आयता चहा मिळत असताना माणूस फार चौकशा करत नाही.

शेवटी मिलिमीटरनं त्याला येत असलेली गोष्ट केली. झोपायच्या खोलीत नवी, दुप्पट जाडीची काच बसवली. खिडक्या आतून लावल्या, दाराला कुलूप घातलं, कुलपातून तार ओवली आणि तारेला कचेरीचं शिशाचं सील ठोकलं. गाद्या बैठकीत घातल्या. सकाळी दोघांनी मिळून सील तपासलं. ठसा जागच्या जागी. तार शाबूत. त्यानं पक्कडीनं ती कापली, दार उघडलं.

काच मधोमध दुभंगलेली होती. दोन तुकड्यांत करंगळीचं नख जाईल एवढी फट होती.

"म्हणजे तू नाहीस," तो म्हणाला.

"नाही."

"मीही नाही."

इतक्या दिवसांनी दोघांचं एकमत झालं होतं, पण आनंद कुणालाच झाला नाही.

एका म्हाताऱ्या गवंड्याला बोलावलं. त्यानं भिंतीला कान लावला, हात लावला, आणि मग दोन पावलं मागे सरून उभा राहिला. त्याचं ते मागे सरणं धाकटीच्या मनात बसलं.

"किती टिकेल?" मिलिमीटरनं वही उघडली.

"आठ वर्षंही काढेल. आठ दिवसही."

"सरासरी?"

गवंड्यानं त्याच्याकडे दया आल्यासारखं पाहिलं आणि मजुरी न घेता गेला.

आता मिलिमीटरचा कागद वेगळाच झाला. सौदा मोडला तर इसार बुडणार, हे नक्की. सौदा केला तर इमारत पडेल, हे नक्की नाही. ती सहा वर्षं चार महिने उभी राहिली की भाड्यापेक्षा परवडलं. पुढे पडली तरी तोटा नाही. हे तो मला समजावून सांगत होता, आणि भयंकर गोष्ट अशी की हिशेब बरोबर होता. मी दोनदा तपासला.

"आणि पाचव्या वर्षी पडली तर?" मी विचारलं.

"तर किरकोळ तोटा."

"कुणाचा? तुम्ही आत असाल ना तेव्हा!"

"ते हिशेबात धरता येत नाही," तो चिडून म्हणाला. "त्याला भाव नाही."

नोंदणी कचेरीत आम्ही चौघं गेलो, मी साक्षीदार. डॉक्टर पांढरे शुभ्र कपडे घालून आले होते. कारकुनानं कागद पुढे सरकवले. मिलिमीटरनं सही केली. मग पेन धाकटीकडे आलं, कारण घर दोघांच्या नावावर व्हायचं होतं, तिनंच तसा हट्ट धरला होता. तिनं पेनाचं टोपण लावलं.

"मी नाही सही करणार."

"अगं, इसार!"

"बुडू दे."

"नऊ वर्षांचं भाडं आहे ते!"

"मग समजा, नऊ वर्षं जास्तीची राहिलो."

डॉक्टर जराही रागावले नाहीत. "हरकत नाही, ताई," म्हणाले. "महिनाअखेर किल्ल्या द्या." आणि हसले. दात उत्तम होते.

दोघं दहा मिनिटांच्या अंतरावर दोन खोल्यांत राहायला गेली. भाडं तिप्पट. फंड निम्मा. मिलिमीटरनं निवृत्तीनंतरची नोकरी आतापासूनच शोधायला घेतली. धाकटी त्याला एका शब्दानं बोलली नाही, आणि तोही तिला बोलला नाही. फक्त रोज संध्याकाळी चपला घालून बाहेर पडायचा.

"कुठं जातो गं तो?" मी धाकटीला विचारलं.

"बघायला."

"काय?"

"पडली का ते."

इमारत पडत नव्हती. डॉक्टरांनी घर महिन्याभरात एका तरुण जोडप्याला विकलं होतं. त्यांनी पडदे लावले, गॅलरीत कपडे वाळत घातले. एक दिवस गेला, एक आठवडा गेला, तीन महिने गेले. रोज संध्याकाळी मिलिमीटर समोरच्या फुटपाथवर उभा राहायचा, मान वर करून पाहायचा आणि पडलेल्या चेहऱ्यानं घरी यायचा. उभ्या इमारतीच्या प्रत्येक दिवसागणिक त्याचे नऊ वर्षांचे पैसे जास्त वाया जात होते. मी एकदा त्याच्याबरोबर गेलो. वर खिडकीत दिवा लागला, कुणीतरी हसलं. साडू पुटपुटला, "मजेत आहेत."

"त्यांना सांगितलंस का रे?"

"त्यांनी विचारलं कुठं?"

मग ती संध्याकाळ आली. मी त्यांच्याकडे बसलो होतो. मिलिमीटर जिना चढून आला तो शीळ घालत. त्यानं चहा मागितला, साखर जास्त घाल म्हणाला.

"काय झालं?" धाकटीनं विचारलं.

"बाहेरच्या बाजूनं भेग गेलीय. वरपासून खालपर्यंत. दोन बोटं रुंद!" त्यानं दोन बोटं आनंदानं नाचवून दाखवली. "तुझं बरोबर होतं. इसार वाया नाही गेला. वसूल झाला बघ!"

धाकटीनं गॅस बंद केला. चपला घातल्या.

"कुठं?"

"सांगायला. भाऊजी, तुम्ही येता?"

आम्ही गेलो. मिलिमीटर मागून आला, पण फुटपाथवरच थांबला. जिन्यात बारीक चुरा सांडलेला होता, पायाखाली करकरत होता. दार एका तरुण मुलीनं उघडलं. परिचारिकेचा गणवेश, खांद्याला पिशवी. निघायच्या तयारीत होती. धाकटीनं श्वासही न घेता सगळं सांगितलं: काचा, गवंडी, खड्डा, बाहेरची भेग. मुलीनं शांतपणे ऐकून घेतलं.

"हो, काकू. डॉक्टरांनी सगळं सांगितलं आम्हाला. म्हणून तर इतकं स्वस्त मिळालं, तुमच्यापेक्षाही. आमचा हिशेब झालाय. साडेचार वर्षं निघाली तरी भाड्यापेक्षा परवडतं."

"अगं, पण तुम्ही दोघं आत असताना..."

"दोघं नसतोच. मी रात्रपाळी घेतलीय, हे दिवसपाळीला असतात. एकदम दोघं घरात राहायचंच नाही, असं ठरवलंय." ती जरा लाजून हसली. "म्हणजे हप्ते भरायला एक जण उरेल. बसा ना, काकू. त्या खिडकीकडे नको, इकडे बसा. हे येईपर्यंत पाच मिनिटं आहेत माझ्याकडे."

धाकटी बसली नाही. जिना उतरताना तिनं कठड्याला हात लावला नाही. मीही लावला नाही.

खाली मिलिमीटर वाट पाहत होता. आमच्या तोंडाकडे पाहून त्याला काय समजायचं ते समजलं असावं, कारण त्यानं विचारलं एवढंच:

"किती वर्षं धरलीत त्यांनी?"

"साडेचार," मी म्हणालो.

तो माझ्याबरोबर चालू लागला. मग डोकं हलवत म्हणाला, "नाही. इतकी कमी येणार नाहीत. दुरुस्ती धरायची राहिली असणार त्यांची." आणि खिशात पेन चाचपू लागला. धाकटी आमच्या बरीच पुढे निघून गेली होती. समोरून एक तरुण डबा हलवत, घाईघाईनं त्या इमारतीकडे चालला होता. तिनं त्याला वाट दिली.