रेंगीत जागा नव्हती

मित्रांनो, चिचगडला गोवर्धनच्या घरामागे, मोहाच्या झाडाखाली, जिच्या दांडीवर तुम्ही झोके घेता ती मी एक जुनी रेंगी आहे. मला बोलायची सवय नाही. गाडीचं कोण ऐकतं, असंही मनात येतं. पण शिवरात्र जवळ आली, आणि जत्रेला कोणती गाडी न्यायची हा विषय पुन्हा घरोघर निघाला. म्हणून सांगते, जमेल तसं.

मला सालेकशाच्या सुताराने बीजा नावाच्या झाडाच्या लाकडातून घडवलं. हलकी, दोन चाकांची, वर बांबूच्या तट्ट्याचं कमानदार छप्पर. आमच्याकडे लेकीसुनांना आणायची, पोचवायची गाडी म्हणजे रेंगी. धान आणि तणस, म्हणजे भाताचा पेंढा, वाहायला खासर. खासर रुंद, जड आणि हळू चालणारं. त्याला छप्पर नाही, पण त्यात सगळं घर मावतं.

गोवर्धनची आई रुख्मा या घरी नवरी होऊन आली ती माझ्यातून. वाटेत ती रडली, ते माझ्याखेरीज कोणी पाहिलं नाही. देश स्वतंत्र झाला तेव्हा माझं छप्पर दुसऱ्यांदा बदललं होतं. त्याच सुमारास तिला सून आली, सुमित्राबाई. त्या दिवसापासून रुख्मा माझ्यात कधी बसली नाही. रेंगी सुनेची, असं म्हणायची आणि खासरात चढायची.

दर शिवरात्रीला सगळं घर खासरातून आमच्या भागातल्या प्रतापगडच्या महादेवाच्या जत्रेला जायचं. वाटेत नवेगावच्या तळ्याकाठी मुक्काम. तिथे गोवऱ्यांच्या आरावर कणकेचे पानगे भाजायचे आणि खासरात तणस पसरून सगळ्यांनी ओळीने झोपायचं. मी घरीच असायची. हे सारं मी परत आलेल्या मुलांच्या तोंडून ऐकलेलं. म्हातारी रुख्मा त्या एका मुक्कामाची वर्षभर वाट पाहायची. तिच्या नवऱ्याने तिला पहिल्यांदा नावाने हाक मारली ती त्या तळ्याकाठी. हे तिने नातीला, चमेलीला, एकदाच सांगितलं आणि पदर तोंडाला लावला.

मग एका वर्षी शेजारच्या यादोरावने नवी रेंगी घेतली. चार माणसांत तो गोवर्धनला म्हणाला, "देवाले चाललास का धान विकाले? खासर कायले नेतोस गा?" सगळे हसले. गोवर्धनही हसला, पण घरी आल्यावर त्याने माझ्या चाकांना वंगण घातलं.

रुख्माला ऐकू कमी यायचं. गाडी बदलल्याचं तिला सांगायचं राहून गेलं. राहून गेलं की कोणी टाळलं, हे मला नक्की सांगता येणार नाही.

निघायच्या सकाळी गोवर्धनने गोठ्यातून बैल बाहेर काढले, तेव्हा ती आधीच खासरात बसलेली होती. अंगावर नवं लुगडं, मांडीवर गाठोडं. तोंड नवेगावच्या वाटेकडे. बैलांचे कासरे धरून गोवर्धनने तिच्याकडे पाहिलं. मग त्याने बैल मला जुंपले.

सुमित्राबाई, चमेली आणि तिचा धाकटा भाऊ बकाराम चढले. अंथरुणं आणि भांडी आली. माझ्यात हात ठेवायला जागा उरली नाही. सुमित्राबाई खाली उतरली, म्हणाली, "माझ्या जागी मायले बसू द्या, मी राहीन घरी."

म्हातारीला आता सगळं समजलं होतं. "रेंगी सुनेची हाये वं," ती म्हणाली. "तुमी जा. मी त खासर झाडाले बसली होती." आणि पदराने ती खरंच खासर झाडू लागली.

त्या दिवशी मी पहिल्यांदा तळं पाहिलं. तेवढ्यासाठी कितीतरी वर्षं मी झुरले होते. पण माझ्यात कोणाला पाय लांब करता येईनात. मुलं जमिनीवर कुडकुडत निजली. सुमित्राबाईने सवयीने एक पानगा जास्त केला होता. तो कोणी खाल्ला नाही. गोवर्धनने तो पळसाच्या पानात गुंडाळून ठेवला.

जत्रा करून परतलो, तर अंगणात खासरात तणस पसरलेलं होतं. बाजूला गोवऱ्यांची राख. शेजारच्या गीताबाईने सांगितलं की म्हातारी रोज तिथेच निजली. घरात चाल म्हटलं, तर म्हणाली, "आमचा मुक्काम हाये." दवाची थंडी तिच्या छातीत भरली होती.

गोवर्धनने अंथरुणापाशी बसून तिला पानग्याचा तुकडा भरवला. तिने तो हळूहळू चघळला. "तळ्यात पानी हाये ना?" तिने विचारलं.

"हाये माय. पुढल्या साली खासर नेऊ."

ऐकू गेलं की नाही, कोण जाणे. मोहफुलं वेचून व्हायच्या आत ती गेली.

पुढल्या साली गोवर्धनने खासरच जुंपलं. तणस पसरलं, आणि ओळीत एका माणसाची जागा मोकळी ठेवली. मला त्याने पुन्हा कधी जुंपलं नाही, कोणाला दिलंही नाही. येता-जाता कधी तो माझ्या दांडीवर हात ठेवतो, आणि लगेच काढून घेतो.

मित्रांनो, माझं छप्पर शिवा, मला वंगण घाला, असं मागणं माझं नाही. जत्रेला निघाल तेव्हा हलकी गाडी कोणती, ऐटीची कोणती, हे मागाहून ठरवा. आधी अंगणात जाऊन बघा, कोणी गाठोडं घेऊन एखाद्या गाडीत बसलेलं आहे का. असेल, तर बैल त्याच गाडीला जुंपा.