राखून ठेवलेला भाग

*संच सोडा: संचातील भाग श्रोत्यांसाठी प्रकाशित करते.*

एवढंच. हे धाकटीने लिहिलं होतं. ती ज्या कंपनीत होती, तिथून ऐकायच्या मालिका, म्हणजे पॉडकास्ट, लोकांच्या फोनवर जात. कोणता भाग केव्हा जाईल, कोणता थांबेल, हे आता एक एजंट बघायचा. एजंट म्हणजे प्रोग्रॅमच. त्याच्या हाताशी साधनं दिलेली, आणि प्रत्येक साधन काय करतं याचं वर्णन धाकटीने लिहिलेलं. 'संच सोडा' हे त्यातलंच एक; संच म्हणजे आठवड्यात एकत्र सोडायचे भाग. वर्णन वाचून तो साधन उचलायचा. ऑफिसात त्याला सांगकाम्या म्हणत. रेकॉर्डिंगवाले काका म्हणायचे, याला खड्डा खणायला सांगा, पण थांब म्हणायला विसरू नका, नाहीतर विहीर होईल.

इतकं आटोपशीर वर्णन लिहिल्याबद्दल तिचं कौतुक झालं होतं.

जे लिहिलं नाही ते असं. एखादा भाग थांबवायचा असेल तर त्याला 'राखीव' अशी खूण करत. ती खूण माणसांसाठी होती. संच सोडणारा आधी खुणेचा भाग हाताने बाहेर काढायचा, मग बटण दाबायचा. यंत्रणा खुणेकडे बघतच नसे. हे सगळ्यांनाच ठाऊक होतं, म्हणून कुणी कुठे लिहिलं नाही. सांगकाम्याला कोण सांगणार?

धाकटीच्या ताईची मालिका ताईच्या स्वतःच्या आजारपणावर होती. आई प्रत्येक भाग स्वयंपाकघरात ऐकायची आणि मग चुका काढायची: इथे खोकलीस, ते कापायचं होतं, डॉक्टरांची नक्कल जरा जास्तच झाली. शेवटच्या भागात ताई म्हणते, की मी आता उपचार थांबवतेय. तो रेकॉर्ड झाल्यावर तिने धाकटीला बजावलं होतं, की रविवारी आईला मी समोर बसून सांगणार, तोवर हा बाहेर जाता कामा नये. धाकटीने स्वतः खूण केली होती.

गुरुवारी संपादकांनी एजंटला या आठवड्याचे भाग सोडायला सांगितलं. त्याने वर्णन वाचलं.

*संच सोडला. सर्व भाग श्रोत्यांपर्यंत पोहोचले.*

धाकटीने तो भाग लगेच मागे घेतला. ॲपवरून तो नाहीसा झाला. ज्यांच्या फोनवर आधीच उतरला होता, त्यांच्याकडे राहिला. आईच्या फोनवर ताईची मालिका आपोआप उतरायची. ती सोय धाकटीनेच करून दिली होती.

तिने ताईला फोन केला. ताई ओरडली नाही. निघते म्हणाली.

टॅक्सीत धाकटीच्या डोक्यात वाक्यं जुळत होती. नको असताना.

*संच सोडा: संचातील सर्व भाग एकदम प्रकाशित करते.* अपुरं.

*संचातील सर्व भाग प्रकाशित करते, राखीव खूण असली तरी. खूण हे साधन पाहत नाही. थांबवायचा भाग आधी संचाबाहेर काढावा. तसा भाग आहे की नाही हे कळत नसेल, तर साधन वापरू नये, माणसाला विचारावं. श्रोत्याच्या फोनवर पोहोचलेला भाग परत घेता येत नाही.*

आता बरोबर होतं. आता.

आई मटार सोलत बसली होती. फोन टेबलावर पालथा.

"तुला माहीत होतं?"

धाकटीने होकारार्थी मान हलवली.

"आणि तुमच्या त्या मशीनला?"

धाकटीने समजावायचा प्रयत्न केला, की त्याला तसं काही माहीत नसतं, तो फक्त दिलेलं वाचतो, चूक माझ्या लिहिण्यात आहे. आई ऐकत होती की नाही, कळेना. शेंगेतला एक दाणा उडून खाली गेला, तो तिने वाकून उचलला.

"म्हणजे कळायची मीच तेवढी राहिले होते," ती म्हणाली.

ताई जिना चढून आली तेव्हा तिला धाप लागली होती. दारातच सुरू झाली: रविवारी येणार होते, सगळं ठरवलं होतं, तो भाग चुकून...

"चुकून गेला ते कळलं. ते ऑफिसचं. तुझं काय ते सांग."

"ऐकलंस ना तू सगळं."

"ते लोकांसाठी होतं," आई म्हणाली. "मला सांग."

ताईने खुर्ची ओढली. बोलायला लागली, थांबली, पुन्हा पहिल्यापासून लागली. रेकॉर्डिंगमध्ये प्रत्येक वाक्य घासून पुसून घेतलेलं होतं. इथे एकही धड पुरं होईना. तारखांचा घोळ झाला. औषधाचं नाव आठवेना, तेव्हा तिने धाकटीकडे पाहिलं. धाकटीने मटाराची एक शेंग सोलायला घेतली.

आईने मधेच विचारलं, की झोप लागते का गं तुला.

हे तिला अजून कुणी विचारलं नव्हतं. ताई नाही म्हणाली. मग पुष्कळ वेळ ती झोपेबद्दलच बोलत राहिली.