आवाज न करणारं जाकीट

माझा आवाज मोठा आहे, हे मला कुणी सांगायला नको. उभं आयुष्य पडदे शिवण्याच्या कारखान्यात गेलं. सगळ्या मशिनी एकदम सुरू झाल्या की शेजारणीकडे कात्री मागायची तरी घसा ताणावा लागतो. आमच्याकडे हळू बोलणाऱ्या बाईला लोक आजारी समजतात. त्यात मला मुळातच बोलायची हौस. आमचे हे म्हणतात, हिच्या बोलण्यात पूर्णविराम नाहीच, नुसते स्वल्पविराम. म्हणोत बापडे.

तर अशा मला लेकीने फोनवर सांगितलं, "आई, तू ये, पण मचाणावर नेणार नाही."

आमची ठकू चहाच्या मळ्यांच्या एका लहानशा गावात हत्तींवर लक्ष ठेवायचं काम करते. एका बाजूला जंगल, दुसऱ्या बाजूला नदी आणि मध्ये मळा. हत्ती पाण्यावर जातात ते मळ्यातूनच. ही उजाडायच्या आत मचाणावर जाऊन बसते आणि कळप कुठून निघाला ते बघून पानं खुडणाऱ्या बायकांना मोबाइलवर लिहून निरोप धाडते. त्या तेवढा भाग सोडून दुसरीकडे सरकतात. मचाणावर कुणी बोललं की हत्ती बिचकतात, वाट बदलतात आणि नको तिथे घुसतात. हे सगळं मला पटलं. पटलं नाही ते एवढंच, की माझी स्वतःची पोरगी मला खोलीवर बसवून कामाला जाणार.

खरं सांगायचं तर हत्तींचं मला एवढं काही नव्हतं. ठकूला तिकडे जाऊन काही वर्षं झाली. फोनवर विचारलं की "बरं आहे", "जेवले", "काम आहे, ठेवते". बापाशीही तेवढंच. माझ्या पोटचं पोर कसं जगतंय याचा मला पत्ता नाही, हे रोज टोचत होतं. ती जिथे दिवसभर बसते तिथे तिच्या शेजारी मला बसायचं होतं.

"मी गप्प बसेन," मी म्हणाले.

ती हसली. "आई, दाताच्या डॉक्टरने तोंडात दोन्ही हात घातले होते, तेव्हाही तू गप्प बसली नव्हतीस."

"बसेन म्हटलं ना."

"बरं. मग परीक्षा घेते. रविवारी दुपारी फोन करीन. मी 'बोल' म्हणेपर्यंत चकार शब्द काढायचा नाही. हुं नाही, अगं नाही, च्च नाही. जमलं तर मचाण. नाही तर खोलीवर बसून चहा पी."

मला कुणी असं डिवचलं की माझं डोकं फिरतं. आता तर जाणारच, म्हटलं.

त्याच दिवशी तयारीला लागले. बस कुठे बदलायची ते यांनी शोधून काढलं. जंगलातला रस्ता दिवस मावळला की बंद होतो, म्हणून खालच्या गावात मुक्काम करायचा आणि सकाळच्या बसने वर जायचं. जळवांसाठी लांब मोजे आणले. कपड्यांचं मी बघितलं. ठकूने मागे एकदा सांगितलं होतं, की येणारी माणसं सळसळणारी जाकिटं घालून येतात आणि चेन ओढली की अख्ख्या मळ्याला कळतं. मी अस्तराचं उरलेलं मऊ सुती कापड घेतलं, मळकट हिरवं. चेन लावली नाही. बटणांवरही कापड चढवलं, म्हणजे एकमेकांवर आपटली तरी वाजायला नकोत. जाकीट घालून घरभर फिरले, वाकले, हात वर केले. हूं की चूं नाही. आता प्रश्न होता तो जाकिटातल्या बाईचा.

कारखान्यात जेवणाच्या सुट्टीपर्यंत तोंडाला कुलूप लावायचं ठरवलं. पहिल्याच दिवशी कापणारीने फुलांचं कापड उलटं कापायला घेतलं आणि माझा निश्चय तिथेच मोडला. दुसऱ्या दिवशी मात्र तग धरला. सगळ्यांना वाटलं, मी रागावलेय. काजं करणारी जवळ आली, "ताई, माझं काही चुकलं का?" म्हणाली आणि मला ठाऊकही नसलेल्या चुका आपणहून कबूल करून गेली.

घरी वेगळीच तऱ्हा. हे जेवताना माझ्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, "डॉक्टरकडे जाऊन येऊ या का?" मी मानेनेच नाही म्हटलं. थोड्या वेळाने म्हणाले, "भाजी छान होते तुझी. कधीचं सांगायचं होतं, पण मध्ये फटच सापडत नव्हती." असा राग आला मला. भाजीबरोबर गिळला.

रविवारी दुपारी यांना बाहेर पिटाळलं आणि जाकीट अंगात घालूनच फोनपाशी बसले.

"सुरू," ठकू म्हणाली. "मी केस पार बारीक कापलेत."

मी गप्प.

"सकाळपासून नुसत्या बिस्किटांवर आहे."

मी मांडीला चिमटा काढला.

"छत गळतं. गादी ओलीच वापरते."

कार्टी मुद्दाम करतेय, हे कळत होतं. तरी बाही दातांत धरावी लागली.

मग तिचं हसणं थांबलं. तिकडे कुठलासा पक्षी ओरडत होता. फोन कट झाला की काय असं वाटलं, पण विचारणार कसं?

"आई," ती म्हणाली, "मागच्या वर्षी महिनाभर नेटवर्क नव्हतं म्हणाले ना, ते खोटं होतं. एक हत्तीण अंगावर धावून आली. पळता पळता मी चरात पडले. खांद्याचं हाड मोडलं."

बाही दातांत होती म्हणून बरं. डोळे वाहायला लागले, नाक गळायला लागलं. नाक ओढलं नाही. ओढलेलं ऐकू जातं.

"हाड जुळलं. पण मला घरी यायचं होतं गं. बॅग भरली होती. आले नाही, कारण तू म्हणाली असतीस, 'मी म्हटलं नव्हतं?'"

तेच शब्द माझ्या जिभेवर होते. अगदी तेच. आणि मी म्हटलंही होतं, तिने नोकरी धरली तेव्हा, उठता बसता. माझी मलाच लाज वाटली. ते शब्द गिळले.

"आता रोज ती शिडी चढताना पाय थरथरतात," ठकू म्हणाली. "इथे कुणाला सांगवत नाही. तुला मचाणावर नको म्हणत होते, ते तुझ्या बोलण्यामुळे नव्हतं. तू माझे पाय बघितले असतेस." मग नेहमीच्या सुरात म्हणाली, "झालं. पास झालीस. बोल आता."

विचारायचं ढीगभर होतं. कुठला खांदा, दवाखान्यात कुणी नेलं, जेवायला कोण घालत होतं, हात वर जात नाही म्हणून केस कापलेस का. बाही तोंडातून काढली तर ती पार भिजली होती.

"बुधवारी निघते," मी म्हणाले. आवाज इतका हळू आला की मला तो ओळखूच येईना. "शिडीवर तू पुढे हो. मी मागे आहे. थरथरले पाय तर थरथरू देत. मलाही धाप लागणारच आहे."

आणखी खूप बोलावंसं वाटलं, तरी बोलले नाही. मग तिच्या रडण्याचा आवाज आला, लहानपणी यायचा तसाच. मी फोन कानाला घट्ट धरून ऐकत बसले.