अर्ध्यातून परतलेले बोट

मी मॅटीच्या कापडाचा एक जुना तुकडा आहे. कधीकाळी माझा रंग सायीसारखा होता, आता कुणीतरी चहात बुडवून काढल्यासारखा दिसतो. माझ्यावर फुलीच्या टाक्यांनी भरलेली गाठीची एक मोठी नक्षी आहे आणि तिच्या डाव्या अंगाला बोट जाईल एवढे भोक आहे. मित्रांनो, नाक मुरडू नका. हे भोक उंदराने पाडलेले नाही. ज्या हातांनी ते पाडले, त्या हातांइतके चांगले हात मी दुसरे पाहिले नाहीत.

माझा जन्म मागावर झाला. साध्या कापडात दोरे एकमेकांना खेटून बसतात. माझ्यात ते गटागटाने विणलेले असतात, त्यामुळे सगळीकडे इवले इवले चौकोन तयार होतात आणि प्रत्येक चौकोनाच्या कोपऱ्यांना छिद्रे राहतात. एका चौकोनात एक फुली, म्हणजे एक टाका. दुकानाच्या फळीवर माझ्या शेजारी रेशमी कापडांचे तागे होते. ते मला ‘भोकांचा’ म्हणून चिडवत. मी म्हणायचो, बाबांनो, सुई लागली की तुम्हाला भोके पडतात, मी ती जन्मतःच घेऊन आलोय.

ते दुकान बटणे, लेस आणि दोऱ्यांचे होते. ते चालवणाऱ्या बाईंना मी वन्सं म्हणतो, कारण त्यांची वहिनी त्यांना तसेच म्हणत असे. दुकानाच्या मागून एक अरुंद जिना वर जाई. वर दोन खोल्या होत्या. तिथे वन्संचे भाऊ आणि वहिनी राहत. भाऊ नक्षीकार होते. खिडकीशी तिरके टेबल मांडून ते चौकटींच्या कागदावर नक्षी काढत. ती नक्षी त्यांची बायको, म्हणजे माझ्या बाई, कापडावर भरत. भरलेल्या नमुन्याचा फोटो पाकिटावर लागे. पाकिटात कापड, दोरे, सुई आणि नक्षीचा कागद घालून वन्सं ते खाली विकत. असा तिघांचा संसार एका सुईवर चालला होता म्हणा ना.

नक्षीकारांचा जीव केल्टिक नक्षीवर. फार जुन्या काळी दूरच्या मुलखात लोक ती दगडांवर कोरत, असे ते आल्यागेल्याला सांगत. एक रुंद पट्टा असतो. तो वळत, वेटोळे घेत स्वतःलाच ओलांडत जातो. एकदा वरून गेला की पुढच्या वेळी खालून, मग पुन्हा वरून. शेवटी जिथून निघाला तिथेच येऊन मिळतो. दिसायला गुंताच गुंता, पण पट्टा एकच. ही त्यांची अट होती आणि ती ते बोटाने तपासत. नक्षीवर कुठेही बोट टेकवायचे आणि पट्ट्यावरून चालवत न्यायचे. सगळी गाठ फिरून बोट मूळ जागी आले तर काम पास. अर्धीच गाठ फिरून, म्हणजे अर्ध्यातून, परत आले तर समजायचे की ओलांडायच्या एखाद्या जागी पट्टा माघारी वळला आहे आणि एकाचे दोन झाले आहेत. वरवर बघणाऱ्याला ती चूक दिसतही नाही. नक्षीकार मात्र अशा कागदाचे तुकडे करून पुन्हा पहिल्यापासून काढायला बसत.

आणि बाई! त्यांच्या फुल्यांचा वरचा पाय कधी चुकून दुसरीकडे कलला नाही. गाठीची नक्षी भरायच्या, पण दोऱ्याला गाठ म्हणून मारायच्या नाहीत. शेपूट टाक्यांखाली असे दडवायच्या की मागची बाजू पुढच्यासारखीच दिसावी. वन्सं तोंडाने फटकळ, पण गुणाला दाद देणाऱ्या. “वहिनी, तुमचं काम उलटं टांगलं तरी गिऱ्हाईकाला कळायचं नाही हो,” असे त्या म्हणत. नक्षीकार बायकोचे कौतुक तोंडावर करत नसत. पाहुणे आले की मात्र नमुना उलटा करून आधी मागची बाजू दाखवत.

मग नक्षीकारांना अर्धांगाचा झटका आला.

दवाखान्यातून घरी आले तेव्हा तोंड जरा वाकडे झाले होते. हात हलत होता, पण सांगितल्यावर दमाने. दिवसदिवस ते खिडकीकडे तोंड करून बसत. टेबलावरची पेन्सिल उचलत नसत आणि कुणी ती आवरून ठेवलेलीही त्यांना खपत नसे. “आता माझा काय उपयोग?” एवढेच बोलत. बाईंनी समजूत घातली, वन्संनी दटावले. पालथ्या घड्यावर पाणी.

अशात एका सकाळी त्यांनी स्वतःची दाढी स्वतः केली, हनुवटीवर कापून घेतले, आणि टेबलाशी जाऊन बसले. बरेच दिवस खपून एक नक्षी पुरी झाली. त्यांनी कागद बाईंच्या हातात दिला आणि म्हणाले, “बघ. मी आहे अजून.”

बाई कागद घेऊन आत गेल्या आणि नळ सोडून रडल्या. नंतर खाली येऊन त्यांनी मला ताग्यातून कापून घेतले. सुटू नयेत म्हणून माझ्या कडांना टाके घातले, चार घड्या घालून माझा मध्य काढला, लाकडी रिंगमध्ये ताणून बसवले आणि मधोमध पहिली फुली घातली. गर्द हिरवा पट्टा, त्याला काळी कड, मागे फिकट सोनेरी जमीन. मी फुशारून गेलो होतो. रेशमी ताग्यांना म्हणावे, आता चिडवा.

पट्टा डाव्या वळशाशी आला आणि बाईंची सुई थांबली.

कागदावर तिथे पट्टा ओलांडत नव्हता. माघारी वळत होता. बाईंनी बोट चालवून पाहिले. ते अर्ध्यातून परत आले. त्यांच्या हातांचा गारठा मला जाणवला.

“अहो, हा डावीकडचा वळसा एकदा बघता का?”

“बघायचं काय त्यात? मी काढलंय ना?” नक्षीकार म्हणाले. त्यांनी कागद मांडीवर घेतला. बोट टेकवले, चालवले. वळशाशी येताच बोट आपले आपण पलीकडच्या पट्ट्यावर उडी मारून गेले. त्यांच्या ते लक्षातही आले नाही. “बघ. बरोबर आहे की नाही?”

“बरोबर आहे,” बाई म्हणाल्या.

तुम्ही म्हणाल, गुपचूप दुरुस्त करून टाकायचे. तेही त्यांच्या मनात आले होते. पण नक्षीकार रोज दुपारी खुर्ची ओढून शेजारी बसत आणि कागदावरच्या चौकटी माझ्यावरच्या फुल्यांशी ताडून बघत. तेवढीच त्यांच्या दिवसातली सुखाची वेळ होती. एक फुली इकडची तिकडे झाली असती तर त्यांनी विचारले असते, आणि मग कारण सांगावे लागले असते. बाईंनी मन घट्ट केले आणि चूक होती तशी भरली. नेहमीच्याच सफाईने भरली.

फोटो काढायचा त्या दिवशी वन्सं मला बघायला वर आल्या. माझे कौतुक करत, बोलता बोलता, घरच्या सवयीने त्यांनी माझ्यावर बोट ठेवले आणि चालवले.

“अगं बाई! दादा, हे काय रे? माझं बोट अर्ध्यातच परत आलं.”

नक्षीकारांच्या तोंडचे पाणी पळाले. मित्रांनो, माणूस पाय घसरण्याआधी जसा बघतो, तसे ते बघत होते.

“माझ्याकडून झालं ते,” बाई घाईने म्हणाल्या. “मोजताना चुकले.”

“तुम्ही? चुकलात?” वन्संचा विश्वास बसेना. “कागद आणा बघू.”

“कागदावर चहा सांडला, टाकून दिला मी.” कागद तेव्हा बाईंच्या टोपलीत दोऱ्यांखाली होता. वन्सं खाली जाताच त्यांनी तो चुलीत घातला.

नक्षीकारांच्या जिवात जीव आला. चेहऱ्यावर रक्त परत आले आणि पाठोपाठ राग आला. “इतकी वर्षं सुई धरतेस आणि आजारानंतरच्या माझ्या पहिल्या कामाची ही माती केलीस?” ते म्हणाले. बाई मान खाली घालून ऐकत होत्या. त्यांना वाटले, चार दिवस बोलतील आणि विसरतील.

ते विसरले नाहीत. विसरून चालणार नव्हते त्यांना. आल्यागेल्याला सांगू लागले, “हिचा हात गेला हो. नजर कमी झाली असेल.” मला दाखवत, डावा वळसा दाखवत. बाईंनी दुसरे कापड घेतले तर म्हणत, “ठेव ती सुई, नासवशील.” लोक बाईंकडे कीव येऊन बघत.

आता खरी अडचण ऐका. बाईंना चांगले काम करून दाखवणे काय अवघड होते? एका दुपारी नुसता एक कोपरा भरला असता तर हात जागेवर आहे हे आंधळ्यालाही कळले असते. पण हात जागेवर आहे म्हटले की मग चूक कुणाची, हा प्रश्न आलाच. खोटे टिकवायचे तर सुई खाली ठेवायलाच हवी होती. बाईंनी ती ठेवली. रिंग कपाटावर गेली, मी खणात गेलो. मला राग आला होता, अजूनही येतो. कुणाचा, ते मला नीट सांगता येत नाही.

नक्षीकार कागद काढत राहिले. भरणारे दुसरे कुणी नव्हते, म्हणून वन्सं ते खाली नेत आणि “बाहेर भरायला दिलंय रे” म्हणून ठेवून देत. त्यांनाही एक दिवस उमगले. दादाच्या प्रत्येक नव्या कागदावर त्यांचे बोट अर्ध्यातून परतू लागले होते. त्या वर आल्या. बाई तांदूळ निवडत होत्या.

“वहिनी, खरं सांगा. त्या दिवशी चूक कुणाची होती?”

आतल्या खोलीत नक्षीकार खोकले. बाईंनी तिकडे पाहिले आणि म्हणाल्या, “माझी.”

वन्सं खाली गेल्या. पुन्हा त्यांनी तो विषय काढला नाही. झाकली मूठ झाकलेली बरी, असे त्यांना वाटले असेल. मी खणातून सगळे ऐकत होतो. कापडाला तोंड नसते, मित्रांनो, नाहीतर त्या दिवशी मी बोललो असतो.

अशी वर्षे गेली. नक्षीकार गेले, ते शेवटपर्यंत त्याच समजुतीत गेले. आजारपणात बाईंचा हात हातात धरून म्हणाले, “तुझा हात गेला आणि माझं काम बसलं. जाऊ दे. मी मनात ठेवलं नाही.” बाईंनी त्यांना पाणी पाजले.

भेटायला येणाऱ्यांची रीघ संपल्यावर वन्संनी मला खणातून काढले आणि बाईंच्या मांडीवर ठेवले. “आता बघायला कोण आहे? उसवा तो वळसा आणि नीट करा. तुमच्या हातचं चुकीचं काम या घरात नको मला,” त्या म्हणाल्या.

बाई खिडकीशी बसल्या. चष्मा लावला. बारीक कात्रीने वळशाचे टाके उसवले. इतक्या वर्षांनी त्यांची बोटे माझ्यावर फिरली आणि मला वाटले, सुटलो. त्यांनी सुईत हिरवा दोरा ओवला. ओवायलाच फार वेळ लागला.

पहिली फुली घातली. सुई शेजारच्या छिद्रातून वर आली. उसवली, पुन्हा घातली. फुलीचा वरचा पाय भलतीकडे कलला. पुन्हा उसवली. बोटांची पेरे आखडली होती, सुईचे टोक छिद्राभोवती नुसते हिंडत होते. बाई घालत होत्या आणि उसवत होत्या. माझे दोरे तुटू लागले. एका छिद्राची दोन झाली, दोनांचे एक मोठे झाले. मला दुखत होते, पण मी म्हणत होतो, घाला, बाई, आणखी एकदा घाला.

शेवटी त्यांनी हात मांडीवर ठेवले आणि त्या हातांकडेच बघत राहिल्या. बघता बघता हसल्या. ते हसू मला बघवले नाही.

“वन्सं,” त्या म्हणाल्या, “हे काही खोटं बोलत नव्हते हो. गेलाय हात.”

“अहो वहिनी, असं काय बोलता...” वन्सं म्हणाल्या. त्या दाराशी बसून पदरात तोंड घालून रडल्या. बाई रडल्या नाहीत. त्यांनी सुई माझ्यात टोचली, माझी घडी केली आणि मला परत खणात ठेवले. त्यानंतर त्यांनी मला कधी उघडले नाही. आता त्याही नाहीत, आणि खणही कुणी उघडत नाही.

मित्रांनो, कापड नीट ठेवा, कसर लागू देऊ नका, हे तुम्हाला तुमच्या घरची माणसे सांगतील. माझे मागणे वेगळे आहे. तुमच्या घरात कुणी आवडीचे काम एकाएकी सोडून दिले, तर “बरं झालं, आराम मिळाला” म्हणून गप्प बसू नका. त्यांच्याजवळ जाऊन बसा आणि विचारा. “काही नाही” असेच उत्तर येईल. पुन्हा विचारा. वन्संनी एकदाच विचारले होते.